बोलका रेडिओग्राम आणि मुकी बिऱ्हाडं

आमच्या सोसायटीतले लोक प्रवासाला निघाले की स्वित्झर्लंड नाहीतर व्हिएतनाम गाठतात आणि परत आल्यावर तिथल्या चॉकलेटचा एकेक तुकडा सगळ्यांना वाटतात. मी चांदवड, येवला आणि विंचूर करून आलो आणि गोणीभर कांदा आणला. तरीही मी हे प्रवासवर्णन लिहितो आहे, कारण त्या मंडळींपैकी कुणाला तिथल्या माणसांनी घरात घेऊन उलटतपासणी केलेली नाही. माझी झाली. शिवाय ती माणसं नंतर माझं घर तपासायला नाशिकला येऊन गेली. असा प्रवास कुठलीही ट्रॅव्हल कंपनी देत नाही.

नाशिक

आधी आजार सांगतो. मी जुने रेडिओग्राम जमवतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: कमरेएवढं उंच सागवानी कपाट, पुढे जाळीदार कापड, आत व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा रेडिओ आणि वरचं झाकण उघडलं की रेकॉर्ड लावायची तबकडी. एकेकाळी बऱ्या परिस्थितीतल्या घरात हा दिवाणखान्याचा राजा असे. आता तो अडगळीचा राजा आहे, आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये असे राजे भिंतीला पाठ लावून ओळीने उभे आहेत. त्यांच्यातून वाट काढत बाल्कनीत जायला अंग चोरावं लागतं.

त्यातला एकही वाजत नव्हता. हे मी आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे लाज कमी वाटेल. काही आले तेच मुके. दोन-तीन मात्र आले तेव्हा चांगले बोलत होते. मग मी ते 'जरा साफ करावेत' म्हणून उघडले.

माझी बायको नीलिमा हिने हे सगळं बरीच वर्षं सोसलं. तिच्या भिशीच्या मैत्रिणी आल्या की चिवड्याच्या बशा रेडिओग्रामवर ठेवतात आणि मी आतल्या खोलीतून 'पॉलिश, पॉलिश!' असं ओरडतो. गणपती झाल्यावर एक दिवस तिने शांतपणे सांगितलं, "अहो, दिवाळीच्या आत यातला एक तरी बोलता झाला पाहिजे, नाहीतर बोलणारा घेऊन या. नाही जमलं तर सगळे जातील. मी भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय."

नीलिमा चिडली की मला भीती वाटत नाही. ती शांत बोलली की वाटते. स्वतःच्या हाताने दुरुस्ती करायची तर इतिहास माझ्या विरुद्ध होता. तेव्हा बोलणारा शोधून आणणं हाच मार्ग उरला. आमच्या छांदिष्टांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पत्ते आले, एक चांदवडजवळच्या शेतावरचा आणि एक येवल्यातला. मी लगेच रमेश सोनवणेला फोन लावला. सोनवणे हा माझा निवृत्त मास्तर मित्र, मूळचा सटाण्याचा. त्याच्याकडे मारुती व्हॅन आहे आणि मला नाही म्हणायची सवय त्याला अजून लागलेली नाही. व्हॅनच्या मागच्या सीट काढून टाकल्या, दोन जुन्या गाद्या अंथरल्या आणि आम्ही निघालो. नीलिमाने डब्यात मेथीचे ठेपले दिले आणि गादीकडे बघून म्हणाली, "पेशंट आणायला चाललात का?"

चांदवड

आग्रा रोडने पिंपळगाव मागे पडलं की द्राक्षांचे मांडव विरळ होतात आणि पुढे डोंगर चढ्या भावात दिसू लागतात. चांदवडला रेणुकामातेला हात जोडले. सोनवणेने काय मागितलं माहीत नाही. मी व्हॉल्व्हचा एक पूर्ण सेट मागितला.

शेत गावापासून आत होतं. शेतकऱ्याचं नाव केदा आहेर. कांद्याच्या चाळीत उकिडवा बसून सडके कांदे बाजूला काढत होता. चाळ म्हणजे कांदा साठवायची जाळीची लांबच लांब खोली, आणि सडक्या कांद्याचा वास म्हणजे काय ते तिथे पाच मिनिटं उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. मी नाकाला रुमाल लावला, सोनवणेने मला कोपर मारलं, मी रुमाल खिशात घातला.

"रेडूचं बघायला आले ना? या की," असं म्हणून केदाभाऊ आम्हाला घरामागे घेऊन गेला. पत्र्याच्या शेडमध्ये तो होता. काय सांगू! बाक दिलेले पाय, पितळी कडा, दोन्ही बाजूला उघडणारी दारं. मी अलगद झाकण उचललं आणि आतून एक कोंबडी माझ्या अंगावर आली.

ती चोच मारायची राहिली नाही. मनगटाला मारली, अंगठ्याला मारली आणि माझ्या चष्म्यावर पंख फडफडवून परत आत जाऊन बसली. तबकडीच्या जागी पेंढा होता आणि पेंढ्यात अंडी. केदाभाऊची बायको धावत आली. ती मला काही लागलं का ते विचारील असं वाटलं होतं. तिने कोंबडीला विचारलं.

"खुडूक बसलीय वो ती," बाई मला म्हणाली. "अशी धसकली तं उठून जाईल अन् सगळी अंडी वाया जातील."

"पण रेडिओग्राम?" मी अंगठा चोखत विचारलं.

"पिल्लं निघू द्या. मग बघू," केदाभाऊ म्हणाला. "पन खरं सांगू का, ती दुसरीकडं बसतच नाय. लय खोकी देऊन पाह्यली. तिला हेच लागतंय."

मी आत डोकावून बघायचा प्रयत्न केला. मशीन काढून कधीच भंगारात घातलेलं होतं, म्हणजे हाही मुकाच. नुसत्या कपाटासाठी कोंबडीशी भांडण्यात अर्थ नव्हता, आणि भांडलो असतो तरी कोण जिंकलं असतं ते अंगठा सांगत होता.

दुपारी त्याच अंगणात बाजरीची भाकरी, शेवभाजी आणि खरडा असं जेवण झालं. आमच्याकडे नाशिकला शेवभाजी म्हणजे हॉटेलातला तवंग. इथे रस्सा पातळ, काळा मसाला घरचा आणि शेव पानात वाढताना वरून टाकलेली, त्यामुळे ती कुरकुरीत राहते. तिखट इतकं की मी रडलो. बाईला वाटलं रेडिओ मिळाला नाही म्हणून रडतोय. तिने आणखी एक भाकरी वाढली. मी तो गैरसमज दूर केला नाही, कारण पूर्ण गैरसमज नव्हताच.

येवला

चांदवडचा मुक्काम सोनवणेच्या मावसभावाकडे करून सकाळी मनमाडमार्गे येवल्याकडे निघालो. मनमाडच्या जवळ हडबीची शेंडी दिसते, डोंगराच्या टोकावर उभा राहिलेला एकटा सुळका. पुढे अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले. सोनवणेला इतिहास सांगायचा होता. मला व्होल्टेजची काळजी होती. त्याने दोनदा सुरुवात केली, मी दोनदा म्हणालो, "गाडी खड्ड्यातून नको नेऊस, येताना आत माल असेल." मग तो गप्प बसला आणि चिडून एकदाच अहिराणीत म्हणाला, "आते काय करशी!" म्हणजे आता काय करशील!

येवल्यात पैठणीची दुकानं रस्त्याला आहेत, पण पैठणी विणली जाते ती गल्ल्यांमध्ये, घरोघरी. दाराबाहेर चपला काढेपर्यंत मागाचा आवाज कानावर येतो. आमच्या पत्त्यावरचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत हातमाग, त्यावर प्रकाश हा तिशी-पस्तिशीतला मुलगा मोराचा पदर विणत बसलेला. त्याची बायको सुनीता काकडा गुंडाळत होती, म्हणजे रेशमाची लड रिळावर घेत होती. आणि कोपऱ्यात, भिंतीला टेकून, तो.

तो वाजत होता.

जुनी अभंगाची रेकॉर्ड लागली होती. आवाजाला थोडी खरखर होती, पण तिच्यामागे गाणारा माणूस खोलीत बसलेला असावा इतका जवळ वाटत होता. मागाचा ठोका आणि गाणं एकमेकांत मिसळून चाललं होतं. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. इतकी वर्षं रेडिओग्राम जमवणाऱ्या माणसाने चालू रेडिओग्रामच्या समोर उभं राहायची ती बहुधा चार-पाच वर्षांतली पहिलीच वेळ. मला गहिवरून आलं, आणि मग लाज वाटली की आपण काय जमवत बसलोय.

"आत या की, ऊन लागंल," खाटेवरून आवाज आला. या प्रकाशच्या आई. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते. सडपातळ, हातात पाटल्या, डोळे बारीक करून बघायची सवय. त्यांच्या सासऱ्यांनी हा रेडिओग्राम मुंबईहून आणवला होता आणि तेव्हापासून तो मागाच्या बाजूला वाजतो आहे. आक्का स्वतः त्याच्या साथीने उभी हयात विणत बसल्या. आता सुनीताला स्वतःचा माग हवा होता. नव्या मागाची लाकडं अंगणात येऊन पडली होती आणि जागा फक्त तिथेच होती जिथे रेडिओग्राम होता.

"सूनबाईचा हात माझ्यापेक्षा साफ हाय," आक्का म्हणाल्या. "तिला माग पाह्यजे. म्हनून देते, नायतर दिला नसता."

मी लगेच सावरून बसलो आणि कौतुकाला सुरुवात केली. आक्कांनी हात वर करून थांबवलं आणि प्रश्न सुरू केले.

"घर तुमचं सोताचं का भाड्याचं?"

"स्वतःचं."

"भिंतीला ओल येती का?"

"नाही. म्हणजे बाथरूमकडच्या…"

"उंदरं?"

"नाहीत हो!"

"घरात कोन कोन?"

"मी आणि बायको. मुलगा बंगलोरला."

सोनवणे तोंडावर हात धरून हसत होता. मला माझं लग्न ठरतानाची बैठक आठवली. तेव्हा नीलिमाच्या मामांनी असेच प्रश्न विचारले होते, पण उंदरांबद्दल विचारलं नव्हतं.

"आन् तुमच्याकडं असे अजून हायेत म्हनं?"

इथे माझी जीभ घसरली. छांदिष्टाला त्याच्या संग्रहाबद्दल विचारलं की तो आवरत नाही. "हॉलभर आहेत आक्का! एकाहून एक!"

"वाजतात?"

आता खरं सांगायचं की नाही? समोर बोलता रेडिओग्राम, मागे भंगारवाला. मी म्हणालो, "वाजतात की!" सोनवणेने ठसका लागल्याचं नाटक केलं.

आक्कांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं हाय. मंग आम्ही घर बघायला येऊ."

"घर बघायला?"

"पोरगी देताना घर बघत नाय का? हा तर आमच्या घरातला मानूस. बघितल्याशिवाय कसा द्यायचा?" प्रकाशने मागावरूनच मान हलवली, म्हणजे हे विनोदाने चाललं नव्हतं. नाशिकला आम्ही ओएलएक्सवर फोटो टाकून सोफा विकतो आणि घेणाऱ्याचं नावही विसरतो. इथे एका कपाटासाठी स्थळ बघायला माणसं ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर येणार होती. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

विंचूर

परतीला विंचूरच्या बाजाराजवळ कांद्याच्या ट्रॅक्टरांमध्ये अडकलो. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, बाजूला ट्रॅक्टर, आणि प्रत्येकाच्या टेपवर वेगळं गाणं. सोनवणे उतरून चहा प्यायला गेला आणि एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून कांद्याची गोणी घेऊन आला. रेडिओग्रामसाठी अंथरलेल्या गादीवर ती गोणी आडवी निजली.

घरी पोचलो. नीलिमाने दार उघडलं, गोणीकडे बघितलं आणि विचारलं, "हा वाजतो का?"

पुन्हा नाशिक

आता खरी पंचाईत. येवल्याची मंडळी रविवारी येणार होती आणि माझ्या हॉलभर मुक्यांपैकी निदान एकाने तरी तोंड उघडायला हवं होतं. दोन दिवस मी एकाच्या पाठीमागे बसून काढले. एकदा शॉक बसला. एकदा आतून धूर आला. धूर आल्यावर नीलिमाने खिडक्या उघडल्या, पण एक शब्द बोलली नाही, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

शनिवारी संध्याकाळी सोनवणे आला. त्याने युक्ती काढली, आणि ती त्याने काढली हे मी मुद्दाम नोंदवतो. त्याच्याकडे मुलीने दिलेला छोटा ब्लूटूथ स्पीकर होता. तो सगळ्यात देखण्या रेडिओग्रामच्या कापडामागे ठेवायचा. मी बटण फिरवलं की सोनवणेने स्वयंपाकघरातून फोनवर जुनं गाणं लावायचं. इतका वाह्यात बेत मी ऐकला आणि ताबडतोब मान्य केला. नीलिमाला सांगितलं नाही. तिने ऐकून घेतलं नसतं असं नाही, पण तिने 'नको' म्हटलं असतं.

रविवारी आक्का, प्रकाश आणि सुनीता एसटीने आली. आक्का नऊवारीत, सुनीताच्या हातात पेढ्यांचा पुडा. नीलिमाने पुढे होऊन आक्कांच्या पायाला हात लावला. मी पाहुण्यांना बसवलं खरं, पण बसवायला जागा रेडिओग्रामांच्या मध्येच होती, त्यामुळे तिघेही ओळीने एका बाजूला आणि माझे सगळे मुके दुसऱ्या बाजूला, असं समोरासमोर आलं. आक्कांनी भिंती बघितल्या. खिडकी बघितली. बाथरूमकडच्या भिंतीला तर हात लावून बघितला.

"लावा बघू एखादा," त्या म्हणाल्या.

मी ऐटीत उठलो, बटण फिरवलं आणि मोठ्याने म्हणालो, "हा माझा सगळ्यात आवडता!" स्वयंपाकघरात सोनवणेने फोन दाबला. खणखणीत आवाजात गाणं सुरू झालं. प्रकाश म्हणाला, "वा, एकदम क्लिअर!" आक्कांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. माझा जीव भांड्यात पडला. आता शालू-नारळच बाकी होता.

तेवढ्यात नीलिमा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, अगदी खरा आनंद, आणि त्या आनंदातच ती म्हणाली, "अय्या, बोलला हा! पण अहो, लावल्या लावल्या कसा बोलला? व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागतो ना? आधी दिव्याचा पिवळा उजेड येतो, मग हळूहळू आवाज. तुम्हीच सांगता की प्रत्येक पाहुण्याला."

खोलीत फक्त गाणं चालू होतं. आणि मग गाणं मध्येच थांबलं आणि कपाटातून एक बाई इंग्रजीत गोड आवाजात म्हणाली, "बॅटरी लो. प्लीज चार्ज."

आधी प्रकाश हसला. मग सुनीताने पदर तोंडाला लावला. सोनवणे स्वयंपाकघरातून बाहेर आलाच नाही. नीलिमा माझ्याकडे बघत होती. मला फक्त एवढंच वाटत होतं की जमीन दुभंगली तर बरं, पण तिसऱ्या मजल्यावर ती सोयही नाही.

आक्का हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि एकेका रेडिओग्रामचं झाकण उघडून आत बघत गेल्या. शेवटच्याचं झाकण बंद करून विचारलं, "हे सगळे असेच?"

"हो," मी म्हणालो.

"आले तवा पन असेच व्हते?"

"दोन-तीन बोलत होते."

"मंग?"

"यांनी उघडले," नीलिमा म्हणाली.

आक्का खाली बसल्या. "तुमचं मन वाईट नाय, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "पन तुम्हाला नाय देनार. तुमच्याकडं आला तं तो पन गप होईल. मला ते सोसायचं नाय."

दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. मला राग आला नाही, वाईट वाटलं. भंगारवाला येणार याचं वाटलं, आणि त्याहून जास्त याचं वाटलं की बाई बरोबर बोलत होत्या. मी पोह्यांवरचं खोबरं बाजूला सारत बसलो.

आक्का मात्र नीलिमाकडे वळल्या होत्या. "पोरी, तुला एवढं सगळं कसं काय ठावं? व्हॉल तापतो, पिवळा उजेड येतो?"

"ऐकून ऐकून," नीलिमा म्हणाली. "हे बोलतात, मी कणीक मळते. आता लक्षात राहतंच ना."

मला वाटत आलं होतं की मी बोलतो तेव्हा तिचं लक्षच नसतं. मी व्हॉल्व्हबद्दल, सुईच्या वजनाबद्दल, सागवानाच्या रेषांबद्दल बोलत असताना ती नेहमी दुसरं काहीतरी करत असे.

"तू लावशील का रोज?" आक्कांनी विचारलं.

"मी? मला लावता येत नाही."

"ते मी शिकवते. रोज लावशील का ते बोल. येक येळ तरी."

नीलिमा विचारात पडली. इतके दिवस ती या कपाटांवर रुसलेली होती आणि आता तिलाच विचारलं जात होतं. तिने हॉलकडे एकदा बघितलं, माझ्याकडे अजिबात बघितलं नाही, आणि म्हणाली, "लावीन. पण ह्यांनी हात लावायचा नाही."

"बरोबर हाय," आक्का म्हणाल्या. "मंग दिला. तुला दिला."

त्यानंतर सगळ्यांनी पोहे खाल्ले आणि सोनवणेही बाहेर आला.

पुन्हा येवला

या वेळी व्हॅनमध्ये पुढे नीलिमा बसली आणि मी मागे गादीवर. अंकाई-टंकाई या वाटेवर नाहीत, तरी सोनवणेने तिला त्यांचा सगळा इतिहास सांगितला आणि तिने प्रश्नही विचारले. मला गादीवरून फक्त आभाळ दिसत होतं.

येवल्यात आक्कांनी तिला खाली बसवून शिकवलं. रेकॉर्ड कडेने धरायची, मध्ये बोट लावायचं नाही. सुई सोडायची नाही, ठेवायची. नीलिमाच्या हातून पहिल्यांदा सुई घसरली. मी दारातून "अगं!" म्हणालो, तर दोघींनी एकदम माझ्याकडे असं बघितलं की मी अंगणात जाऊन नव्या मागाच्या लाकडांवर बसलो. थोड्या वेळाने आतून तोच अभंग ऐकू आला, आधी हलका आणि मग भरून.

ती रेकॉर्ड संपेपर्यंत प्रकाशने माग थांबवला होता. संपल्यावर आक्कांनी बटण बंद केलं, रेडिओग्रामला हळद-कुंकू लावलं आणि नीलिमाची ओटी भरली. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "लय वाईट वाटतंय गं," त्या म्हणाल्या. "सूनबाईसाठी देते म्हनते, पन वाईट वाटतंय." सुनीता त्यांना बिलगून उभी राहिली. तीही रडत होती, आणि मी उगीचच दोरी बांधायच्या कामात घुसलो.

पैशांचा विषय मी काढला. आक्का म्हणाल्या, "तिच्याशी बोला," आणि नीलिमाने आधीच बोलून ठेवलं होतं.

घर

रेडिओग्राम खिडकीखाली लागला. त्याला जागा करण्यासाठी बाकीचे आणखी चेपून उभे केले, त्यामुळे बाल्कनीत जाणं बंदच झालं. पण अट पूर्ण झाली होती. दिवाळीच्या आत बोलणारा घरी आला होता, म्हणजे माझे सगळे मुके वाचले होते. मी जिंकलो होतो, निदान मला तसं वाटत होतं.

संध्याकाळी नीलिमाने दिवा लावला आणि पदर खोचून रेकॉर्ड लावली. या वेळी सुई घसरली नाही. मी लांब उभा होतो, ठरल्याप्रमाणे. ती खुर्ची ओढून त्याच्या अगदी जवळ बसली आणि एक बाजू संपेपर्यंत ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही मला यांच्याबद्दल सांगत आलात. ऐकवलं कधीच नाहीत."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी पाणी प्यायला आत गेलो आणि परत आलो. ती उठून रेकॉर्डची दुसरी बाजू लावत होती.

सकाळी मीच टेम्पोवाल्याला फोन केला. रात्रीच ग्रुपवर विचारून ठेवलं होतं, मालेगावचा एक जण दुरुस्त करून वाजवणारा आहे, तो सगळे घेऊन जायला तयार होता. नीलिमा मध्ये पडली, "अहो, अट पूर्ण केलीत ना? राहू देत की. निदान तो सगळ्यात देखणा तरी." मी नाही म्हणालो. हमालांनी एकेक खाली नेला आणि शेवटचा गेल्यावर हॉल एकदम मोठा दिसायला लागला. मग तिने रेकॉर्ड लावली आणि मला म्हणाली, "या, बसा इथे." मी जाऊन बसलो.